उखळ कंपनीचे मालक आमचे भाऊजी

अस्लम आमच्याकडं यायचा तो गल्लीच्या तोंडापासून ओरडतच. "वैनी, चाय चढाव!" ही हाक आली की शेजारची म्हैससुद्धा मान वर करायची. त्या दिवशी मात्र तो कधी आला ते मला कळलंच नाही. मी भाकरी थापत होते. दारातला उजेड कमी झाला म्हणून वळून बघितलं, तर हा उंबऱ्याशी उभा, चपला काढून हातात धरलेल्या. "दादा कुठं हैत?" एवढंच त्यानं विचारलं. दादा म्हणजे आमचे हे. "शेतात," मी म्हणाले. तो तिथंच उंबऱ्यावर बसला, आणि मला समजलं...

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर दिगंबर, दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्याच गेले. समोर एक ट्रक ड्रायव्हर मोबाईलमध्ये गाणी भरून घ्यायला उभा होता. भाऊजींना दुपारी खुर्चीत डुलकी घ्यायची सवय हे साऱ्या हायवेला माहीत. झोपमोड नको म्हणून तो बिचारा शेजारी चहा पिऊन आला, पुन्हा उभा राहिला. शेवटी अस्लम आला आणि त्यानं हात लावून बघितलं. सकाळीच माझ्याशी त्यांचं बोलणं झालं होतं, तेही काय तर, "वैनी, आज चटणीत मीठ लई झालंय." असं म्हणून वाटी पुसून खाल्ली आणि गेले. एवढं मीठ झालं होतं तर पुसून कशाला खायची, हे विचारायचं राहिलं.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. चार माणसांत मला बोलता येत नाही. भाऊजी गेले त्याला आता महिना होऊन गेला. आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या कंपनीबद्दल काहीबाही सांगून गेला, आणि मी चहाचे कप गोळा करत ऐकत राहिले. त्यातलं निम्मं खोटं होतं. खरं काय ते मला ठाऊक आहे. बोलता येत नाही, तर लिहून बघते.

मी लग्न होऊन उमरग्याला आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते. नव्या घरात मला पाणी मागायचीही लाज वाटायची. मी कोपऱ्यात बसलेली असायची आणि हे पोर माझ्या तोंडाकडं बघून सासूबाईंना जाऊन सांगायचं, "आई, वैनीला भूक लागलीया." "वैनीला माहेरची आठवण यायलीय." एकदा तर, "वैनीला भाजी आवडली न्हाय, पर ती खाईल." मी लाजून मेले, पण सासूबाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आवडीची मेथी झाली. माझ्या पोटातलं त्यांच्या तोंडातून बाहेर पडायचं. पुढं ते मोठे झाले, मिशा आल्या, तरी ते तसंच राहिलं.

दुकान त्यांनी हायवेला टाकलं होतं, सोलापूरकडून हैदराबादकडं जाणारे ट्रक थांबतात तिथं. मोबाईलची दुरुस्ती आणि मेमरी कार्डात गाणी भरून देणं. मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी, ड्रायव्हरची भाषा बघून ते गाणी भरायचे. शेजारी पंक्चरच्या दुकानात बालाजी नावाचा पोरगा कामाला होता. तो टायर काढताना यमक जुळवत बोलायचा. गिऱ्हाईकाला शिव्या देतानाही यमकात. गिऱ्हाईक चिडायचं सोडून हसायचं. भाऊजींनी एक दिवस त्याला गल्ल्यामागं बसवून सगळं म्हणायला लावलं. ते होतं त्या हायवेवरच:

"रस्त्यात खड्डा का खड्ड्यात रस्ता,
इचार ड्रायव्हरला, त्याचा जीव सस्ता."

याला रॅप म्हणतात, असं अस्लमनं सांगितलं. अस्लम दुकानातला संगणक बघायचा, त्याला ठेका बनवता यायचा. झालं, भाऊजींच्या डोक्यात कंपनी शिरली. घरी येऊन ह्यांना सांगितलं. अस्लम मध्येच म्हणाला, "कंपनी नहीं बोलते दादा, लेबल बोलते." आमचे हे म्हणाले, "लेबल औषदाच्या बाटलीला असतंय. तुमी आदी औषद तरी दाखवा."

स्वयंपाकघराला लागून एक खोली होती, पेंडीची पोती ठेवायची. ती रिकामी केली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना माझ्या सगळ्या गोधड्या टांगल्या. त्या थंडीत आम्ही शाली पांघरून झोपलो. भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून त्यांनी वायर घेऊन माझ्या चुलीवर एक लाल बल्ब लावला. त्याचं बटण त्यांच्या बाजूला. "वैनी, बल्ब पेटला की काय बी आवाज करायचा न्हाय. भांडं न्हाय, खोकला न्हाय." मला हसू आलं. घरात सगळ्यांत कमी आवाज माझाच, आणि बल्ब मला.

पण नेमकं पहिल्याच दिवशी माझ्याकडून आवाज झाला. आमच्या स्वयंपाकघरात जमिनीत रोवलेलं दगडी उखळ आहे, सासूबाईंच्याही आधीचं. शेंगाची चटणी आमच्याकडं त्यातच कुटतात, मिक्सरची कुणी खात नाही. मी बल्बाकडं पाठ करून कुटत उभी होते. पलीकडं बालाजीचं गाणं रंगात आलेलं. त्यात एका ठिकाणी ठेकेदाराला एक चांगलीच शिवी होती. बालाजी तिथवर आला, आणि त्याला आठवलं की भिंतीपलीकडं वैनी आहे. शब्द त्याच्या तोंडातच राहिला. तेवढ्यात माझं मुसळ पडलं... धप्प! पुढच्या शिवीला तो पुन्हा अडखळला, पुन्हा धप्प. मला वाटलं आता भाऊजी रागावणार. झरोक्यातून अस्लमचा आवाज आला, "शेठ, इसकू निकालने का नक्को! गाली से भारी है ये!" आणि तिघं इतके हसले की बालाजीला ठसका लागला. मी तांब्या भरून दारात ठेवला आणि आत पळाले.

तेव्हापासून बल्बाचा अर्थ उलटा झाला. आता बल्ब लागला की गप्प बसायचं नाही, मुसळ टाकायचं. शिवीची जागा आली की भाऊजी बटण दाबायचे, इकडं बल्ब लागायचा, मी धप्प करायची. त्यासाठी शेंगा ताज्या भाजलेल्या लागायच्या. रिकाम्या उखळाचा आवाज त्यांना आवडायचा नाही. अस्लम म्हणायचा, एकदा घेतलेला आवाजच पुन्हा पुन्हा लावू. भाऊजी म्हणायचे, "शिळी चटणी कुनी खातंय का?" कंपनीचं नावही उखळच ठेवलं. आमचे हे म्हणाले, "ठेव, ठेव. उखळ काळ्या दगडाचं हाय, ते काय पांढरं हुईत न्हाय." ह्यांना अशी बोलायची सवय आहे, पण पोरांसाठी दूध जास्तीचं ठेवायला हेच सांगायचे.

सगळं झालं की मी झरोक्याकडं तोंड करून हळूच विचारायची, "बास का, भाऊजी?" आणि ते तिकडून म्हणायचे, "अजून दोन टोले, वैनी." दर वेळेला हेच. हे बोलणंही त्यांच्या आवाज भरायच्या यंत्रात जायचं, म्हणून मी पहिल्या दिवशीच त्यांना दारात गाठून सांगितलं होतं, माझा आवाज बाहेर जाता कामा नये. माहेरी कळलं तर काय म्हणतील, गल्लीत तोंड दाखवायची सोय राहायची नाही. भाऊजी हसले नाहीत. "न्हाय जानार, वैनी. मुसळ जाईल, तुमी न्हाय जानार," म्हणाले.

गाणं ट्रकांबरोबर गेलं. इकडं सोलापूर, तिकडं हैदराबाद, मध्ये जेवढे धाबे तेवढ्यांवर. आणि कंपनीची बदनामी सुरू झाली. गंमत अशी की उखळच्या एकाही गाण्यात एकही शिवी नाही. पण माणसं धप्प ऐकायची आणि तिथं आपापल्या मनातली भरायची. ज्याचं मन जसं तशी शिवी. एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात पाण्याचे टँकर आले आणि वस्तीत घागरी कोरड्या, त्यावर बालाजीनं गाणं केलं. नाव कुणाचंच नव्हतं, नावाच्या जागी धप्प. तर त्या पुढाऱ्याची माणसं दुकानावर आली आणि शटरवर दगड टाकून गेली. यात्रेत कार्यक्रम ठेवला तर गर्दीनं स्टेज मोडलं, पोरं हातात माईक घेऊन उसाच्या ट्रॉलीवर बसून घरी आली. सीमेपलीकडच्या एका टोळक्यानं कानडीत उलट गाणं केलं, त्याला आमच्या पोरांनी उत्तर दिलं, त्यांनी पुन्हा दिलं. ड्रायव्हर दुकानात येऊन विचारायचे, "त्येंचं आलंय, तुमचं कवा?"

मग फौजदारसाहेबांनी तिघांना बोलावलं. हा प्रसंग भाऊजी इतक्या वेळा सांगायचे की मला पाठ आहे. साहेबांनी टेबलावर मोबाईल ठेवून गाणं लावलं. धप्प आलं की थांबवलं. "हितं कुटली शिवी हाय?"

"शिवी न्हाय साहेब."

"मग काय हाय?"

"शेंगाची चटणी हाय, साहेब."

साहेबांना वाटलं हा टवाळी करतोय. भाऊजी म्हणाले, उद्या पुरावा आणतो. दुसऱ्या दिवशी चटणीचा डबा नेऊन टेबलावर ठेवला. कुणी कुटली ते मात्र सांगितलं नाही. "कारागीर हाय आमचा एक, लाजाळू हाय," म्हणाले. साहेबांनी चटणी खाऊन बघितली, बोटं चाटली, आणि यापुढं जपून राहा म्हणून सोडून दिलं.

भाऊजींचं लग्नही या बदनामीनं राहिलं. भूम तालुक्यात ईटला मुलगी बघायला गेलो होतो. कांदेपोहे आले, सगळं जमत आलेलं. मुलीच्या वडिलांनी पाहुणे काय करतात विचारलं, ह्यांनी अभिमानानं गाण्याची कंपनी सांगितली. "उखळ? ती शिव्यावाली?" म्हणून ते उठूनच उभे राहिले. भाऊजी म्हणाले, "मामा, एक बी शिवी दाखवा, म्या कंपनी बंद करतो." मामा म्हणाले, "दाखवायला कशाला पायजे? ऐकताना मला सगळ्या कळत्यात." परत येताना जीपमध्ये भाऊजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. "वैनी, मामांच्या मनात लई शिव्या हैत." त्या दिवशी त्यांना आतून वाईट वाटलं असेल का, ते मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं नाही. माझं त्यांना वाचता यायचं, मला त्यांचं नाही.

कंपनी खरी मोडली ती बाहेरच्या दगडांनी नाही. बालाजीला पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. जा म्हणून भाऊजींनीच सांगितलं असतं, पण तो न सांगता गेला आणि त्याचं जाणं आम्हाला गाण्यातून कळलं. त्यात सगळ्या शिव्या उघड होत्या, आणि वर हे होतं:

"चटणीच्या शेठा, तुझा धंदा झाला शिळा,
पुण्यामधी बस्तान माझं, तुझ्या दुकानी टाळा."

भाऊजींनी ते दुकानात ऐकलं. घरी येऊन जेवायला बसले आणि चटणी ताटातच ठेवली, खाल्ली नाही. असं कधी झालं नव्हतं. गावातली पोरं पेटली, उत्तर द्या म्हणून मागं लागली. पण भाऊजींना यमक जुळवता यायचं नाही. शेवटी एक दिवस ते खोलीत गेले, अस्लमला यंत्र लावायला सांगितलं आणि मला झरोक्यातून म्हणाले, "वैनी, शेंगा भरपूर घाला." मग माईकसमोर फक्त एक शब्द म्हणाले, "बालाजी..." आणि बटण दाबून धरलं. बल्ब विझेचना. मी कुटतेय, कुटतेय, हात भरून आले, चटणीचं तेल सुटलं. बस्स, एवढंच ते गाणं. सुरुवातीला नाव आणि पुढं नुसतं धप्प धप्प. हायवेला लोकांनी गाड्या थांबवून ते भरून घेतलं. सगळे हसायचे. पण भाऊजींनी ते नाव ज्या आवाजात घेतलं होतं, तो मी भिंतीपलीकडून ऐकला होता. त्यात शिवी नव्हती. रुसलेल्या पोराला जेवायला बोलवावं, तसं ते होतं.

बालाजीला ते ऐकू आलं असावं. एक पावसाळा गेला आणि एका दुपारी मागच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. बघते तर हा, गळ्यात साखळी, केस पिवळे केलेले, आणि मान खाली. "वैनी, भाकरी हाय का?" मी पाट मांडला. खाता खाता तो आपणहून बोलत राहिला. पुण्यात त्यांनी धप्पचा आवाज यंत्रातून काढून बघितला, दुसरं उखळही आणलं, पण तसा आवाज येईना. पण त्याचं त्याला एवढं काही नव्हतं. "गावाकडं आईला म्या माजं नवं गानं लावून दिलं, वैनी. तिनं अर्दंच ऐकलं आन् मोबाईल उपडा ठिवला. निस्ता उपडा ठिवला."

तेवढ्यात पुढच्या दारी भाऊजींची चप्पल वाजली. बालाजीचा घास हातातच थांबला. आता मध्ये कुणीतरी बोलायला हवं होतं आणि तिथं मी सोडून कुणी नव्हतं. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले. त्याच्या पिवळ्या केसांकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. त्यांनी माझं तोंड वाचलं असणार. वळले आणि खोलीत गेले. मी बालाजीच्या ताटात आणखी भाकरी वाढली... आणि चुलीवरचा लाल बल्ब लागला. बालाजी हात न धुता उठून पलीकडं पळाला. मी मुसळ उचललं. त्या दिवशी दोघांत काय बोलणं झालं कुणास ठाऊक, मला फक्त हसणं ऐकू आलं, आणि शेवटी नेहमीचं, "अजून दोन टोले, वैनी."

त्यानंतर कंपनी चांगली चालली, थोडीफार बदनामही होत राहिली. बालाजीनं केस काळे केले.

भाऊजींचं चौदावं झाल्यावर बालाजी आणि अस्लम आले. खोलीतला संगणक लावला आणि ह्यांना आणि मला बसवलं. मी त्या खोलीत झाडायला सोडून पहिल्यांदाच बसले होते. बालाजीला शेठवर गाणं करायचं होतं, पण शब्द येत नव्हते. "म्या ज्या मानसावर यमक जुळवतो त्याचा मला राग आलेला असतो," तो म्हणाला. "शेठवर कसं जुळवू?" मग अस्लमनं एक गोष्ट सांगितली. दर गाण्याच्या शेवटचं आमचं बोलणं भाऊजी कापून टाकायचे, पण ते पुसायचे नाहीत, बाजूला ठेवायचे. अस्लमनं लावलं. आधी धप्प. मग एक बारीक आवाज, "बास का, भाऊजी?" तो माझा. मला ओळखूच आला नाही. मग लगेच भाऊजी, अगदी झरोक्यापलीकडून यावेत तसे, "अजून दोन टोले, वैनी." पुढचं लावलं, पुन्हा तेच. एकात त्यांना खोकला होता, एकात ते काहीतरी खात होते. आमचे हे भिंतीवरच्या गोधडीकडं बघत बसले.

बालाजी म्हणाला, "वैनी, गान्याच्या शेवटी हे ठिवायचं मनात हाय. शेठचा आवाज. पर तुमचा आवाज काढून टाकला तर शेठ कुनाला बोलतोय ते कळत न्हाय. शेठनी तुमाला शब्द दिलाय, आमाला म्हाईत हाय. तुमी न्हाय म्हनलात तर आमी हात लावनार न्हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "माज्याकडं काय बघतीस? आवाज तुजा हाय." मला माहेर आठवलं, गल्ली आठवली, ईटचे ते मामासुद्धा आठवले. माझ्या तोंडाकडं बघून सांगणारं आता कुणी नव्हतं. ही पोरं वाट बघत होती, त्यांना माझं तोंड वाचता येत नव्हतं.

"ठिवा," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "दोगांचा बी ठिवा."

उठताना मी अस्लमला विचारलं, ते शेवटचे दोन टोले प्रत्येक गाण्यात कुठं लावता? मला कधी ऐकू आले नाहीत. अस्लमनं कान पकडला. "सच बोलूं वैनी? वो कबीच गाने में नै लगे. शेठकू चटनी बारीक होना रैती थी. ऐसा बोले तो तुम और दो टोले मारती थीं ना."

इतकी वर्षं! आम्ही चौघं त्या गोधड्यांच्या खोलीत इतके हसलो की म्हैस ओरडली.

गाणं निघालं. परवा मी आणि हे बसची वाट बघत हायवेला उभे होतो, तर एक ट्रक धाब्यापुढं उभा होता आणि त्यात ते चाललं होतं. शेजारच्या अनोळखी बाईनं कान दिला. "किती गोड बोलती बया. कोन असंल ओ?" माझे कान तापले. मी पदर पुढं ओढला, आणि म्हणाले, "वैनी हाय त्येंची."

लाल बल्ब अजून चुलीवर आहे. हे काढायला निघाले होते, मी नको म्हटलं. पोरं येतात तेव्हा तो लागतो. बाकीच्या दिवशी मी माझी माझी कुटते. कुटून झालं की तोंडातून निघतंच, "बास का, भाऊजी?" आणि मग मी आणखी दोन टोले घालते. आजकाल चटणी लई बारीक होते, अशी ह्यांची तक्रार आहे. होऊ दे.